कापलेली शिडी

घाटाच्या पायथ्याशी, बाजाराच्या एका गावात, एकदा एक वस्ताद लोखंडाचं काम करीत असे. वय सत्तरीच्या पुढे, डोळ्यांच्या कडा वेल्डिंगच्या झळीने कायमच्या लाल, आणि बोलणं अगदी मोजकं. मोजकं बोलणाऱ्या माणसाला आपले लोक लगेच ज्ञानी ठरवतात. हा वस्ताद खरोखरच ज्ञानी होता, त्यात शंका नाही. पण त्याचं ज्ञान वेगळं आणि त्याचं मौन वेगळं. हा फरक कळायला एक जीव जावा लागला.

कुणी त्याला काही विचारलं, हे असंच का आणि तसं का नको, तर तो म्हणे, "कळेल. वेळ आली की कळेल." लोक मान डोलवून जात. काहीही न कळता मान डोलवणारी माणसं आपल्याकडे भरपूर आहेत.

त्याच्या हाताखाली एक शिष्या होती. तिचं नाव शालन. आईबाप लहानपणीच गेले, वर पठारावरच्या वाडीत आत्याने वाढवली. लग्न झालं, चार वर्षांत नवऱ्याने टाकली, परत आत्याकडे आली. आत्याने तिला आठ दिवस रडू दिलं. नवव्या दिवशी बाजाराला येताना बरोबर घेतलं आणि वस्तादाच्या शेडपुढे उभं केलं.

"हिला शिकवा काहीतरी," आत्या म्हणाली. "भाकरी थापायला येतंय हिला. भाकरीचं पीठ कुठनं आणायचं तेवढं शिकवा."

"बाईमाणसाचं काम न्हाई हे," वस्ताद म्हणाला.

"मग माझ्या जात्याचा खुंटा गेल्या साली कुणी बसवला? हिनंच. तुमचा बाप आला हुता का बसवायला?"

वस्ताद हसला. तो क्वचित हसे. शालन त्या दिवसापासून शेडमध्ये राहिली. सहा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं लोक नुसतं बघायला यायचे, बाई काच लावून ठिणग्या पाडते म्हणून. मग बघायचे थांबले आणि काम घेऊन यायला लागले. तिच्या वेल्डिंगचा टाका माशाच्या खवल्यांसारखा एकावर एक बसलेला असे. टाका बघून लोक ओळखत, हे शालनचं काम.

आत्या दर गुरुवारी अंड्यांची टोपली घेऊन बाजाराला येई. अंडी विकून झाली की शेडमध्ये टेकायची, चहा प्यायची, वस्तादाच्या हातावर दोन अंडी ठेवायची आणि वर त्यालाच बोलायची, "खावा. नुसत्या इड्या ओढून छातीचं धुराडं झालंय तुमच्या." तिच्यासमोर वस्ताद गरीब होऊन बसत असे.

एके दिवशी हिंदुराव नावाचा जीपवाला शेडवर आला. त्याच पठारावरचा. त्याची जीप जुनी, सैन्याच्या लिलावातून तीन मालक फिरून आलेली. पत्र्याला ठिकठिकाणी पोचे, दारं दोरीने बांधलेली. पण चारही चाकांना जोर देणारा गिअर अजून शाबूत. त्यामुळे पठारावरच्या दगडगोट्यांच्या रस्त्यावर दुसरी कुठलीच गाडी धजत नसे तिथे ही चढत असे. सात वाड्यांचा बाजार, दवाखाना, लग्न, मयत, सगळं तिच्याच जिवावर चालायचं.

"वस्ताद, टपावर कॅरिअर बसवून पाहिजे," हिंदुराव म्हणाला. "खताची पोती, पत्रं, फणस, समदं आत माणसांच्या मांडीवर येतंय. परवा एका म्हातारीच्या मांडीवर फणस, फणसावर कोंबडा. उतरताना म्हातारी म्हणती, अर्धं भाडं कोंबड्याकडनं घे."

वस्तादाने जीपभोवती एक फेरी मारली. टपाच्या कडेला पावसाचं पाणी वाहून जायला पन्हळ असते, तिच्यावर तो बोटाच्या पेराने ठिकठिकाणी वाजवत गेला. जिथे आवाज बद्द आला तिथे खडूने खूण केली. मग शालनला म्हणाला, "हितं हितं गंजलंय. हितं पाय टेकवायचा न्हाई. सहा पाय कर. टपाला भोक पाडायचं न्हाई. भोक पाडलं की पाणी शिरतं, आणि जुना पत्रा आतनं खातं. पाय पन्हळीत बसव, खाली पट्टी दे, पट्टीखाली ट्यूबचं रबर. आवळताना हात हलका. नवीन गाडी चूक सोसती. जुनी सोसत न्हाई."

हिंदुरावाकडे वळून तो म्हणाला, "वर तीन पोती. चौथं न्हाई."

"व्हय, व्हय," हिंदुराव म्हणाला. गाडीवाले 'व्हय' कसं म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी वस्ताद लेकीकडे गेला, तीन दिवसांसाठी. काम पूर्णपणे शालनवर आलं. तिने चौकोनी पाइप कापले, चौकट जुळवली, सहा पाय वस्तादाच्या खुणा टाळून बसवले. कडेला वीतभर उंचीचा कठडा केला. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, कॅरिअर टपावर चढलं. तिने स्वतः वर चढून उड्या मारून बघितल्या. हललं नाही.

हिंदुराव खाली उभा राहून बघत होता. "आणि शिडी?"

"शिडीचं वस्ताद काय बोलले न्हाईत."

"त्यात बोलायचं काय? शिडीबिगर कॅरिअर म्हंजे जिन्याबिगर माडी. वर पोतं टाकायला काय मी उडत जाऊ?"

शालनलाही ते पटलं. सगळ्या गाड्यांना मागच्या बाजूला शिडी असतेच. तिने शिडी केली, आणि मन लावून केली. पायऱ्या एकमेकींच्या जवळ घेतल्या, पाय घसरू नये म्हणून प्रत्येक पायरीवर सळईचे आडवे टाके मारले, वरच्या टोकाला धरायला पाइप वाकवून मूठ केली. एवढी सोयीची शिडी त्या बाजारपेठेत कुठल्याच गाडीला नव्हती.

तेवढ्यात आत्या आली. टोपली खाली ठेवून शिडीकडे बघत राहिली. मग पदर खोचला आणि सरळ चढायला लागली. एक पायरी, दोन, तीन.

"आत्ते, उतर खाली!"

"गप गं. मला साठाव्या वर्षी माडी मिळाली." चौथ्या पायरीवर उभी राहून तिने मान उंच केली. "बाजार दिसतोय की समदा! भज्याच्या गाडीवर तेल कालचंच हाय बघ, काळं ढुस्स."

सगळे हसले. हिंदुराव तर हसता हसता खोकायला लागला. आत्या खाली उतरली, शिडीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "माझ्या पोरीनं केलीय. म्हाताऱ्या माणसाचा इचार करून केलीय."

एवढं कौतुक शालनला सहा वर्षांत मिळालं नव्हतं.

संध्याकाळी वस्ताद परतला. हिंदुराव गाडी न्यायला थांबलाच होता. वस्तादाने कॅरिअरच्या प्रत्येक पायाखाली बोट घालून बघितलं, रबर बघितलं, कठड्याला लोंबकळून बघितलं. "चांगलं झालंय," तो म्हणाला. मग गाडीच्या मागे आला आणि थांबला.

त्याने शिडी बघितली. मग आत गेला, लोखंड कापायची हाताची आरी घेऊन आला, आणि जमिनीवर उकिडवा बसून शिडी कापायला लागला.

ग्राइंडर शेजारीच होता, वीजही होती. पण त्याने हाताने कापली. चार ठिकाणी शिडी जोडलेली होती. चारही टाके त्याने एकेक करून कापले. शालन हातात काच धरून तशीच उभी राहिली. तिचेच टाके ते. कापायलाही जड जात होते, इतके पक्के.

"अवं, अवं! डोस्कं फिरलं का तुमचं?" हिंदुराव ओरडला. "चांगली शिडी हुती!"

शेवटचा टाका सुटला. शिडी खाली पडली, दणकन आवाज झाला. वस्ताद उठला. "कॅरिअर पाहिजे तर ने. शिडी मिळणार न्हाई."

"का पण?"

"वेळ आली की कळेल."

हिंदुराव शिव्या देत गाडी घेऊन गेला. शालनने विचारलं, "माझा टाका कच्चा हुता का?"

"न्हाई."

"पायऱ्या चुकल्या?"

"न्हाई."

"मग का कापली? सांगा की. मी तुमची शिष्या हाय का हमाल?"

वस्तादाने आरी खुंटीला अडकवली. "कळेल पोरी."

ती त्या रात्री जेवली नाही. सकाळी येऊन तिने शिडी उचलली आणि भंगाराच्या मागे भिंतीला लावून ठेवली. फेकली नाही.

तुम्ही म्हणाल, वस्तादाच्या मनात काहीतरी खोल असणार. होतंच. विहिरीत पाणी होतं, पण त्याने दोर हातात दिला नव्हता. नुसत्या काठावर उभं करून तहान भागत नाही.

पंधरा दिवसांनी हिंदुराव पुन्हा आला. दुपारची वेळ, वस्ताद घरी जेवून पडलेला. शेडमध्ये शालन एकटीच.

"शालन, शिडी कुठाय?"

"का?"

"वर पोती चढवायला माणसं मागं लावलेल्या जादा चाकावर पाय देत्यात. काल वरच्या वाडीचा शिरपती घसरला. तोंडावर पडला. दोन दात गेलं, वठ फाटला. बघून ये जा." तो बाकड्यावर बसला. "सांग आता, शिडी असती तर पडला असता का?"

शालनची नजर भंगाराकडे गेली.

"तुझ्या वस्तादाचं वय झालंय. म्हाताऱ्याला तुझं काम बघवंना. आपल्यापेक्षा चेल्याचा टाका चांगला झाला की वस्तादाच्या पोटात दुखतं, हे काय आजचं हाय व्हय?"

"वस्तादांना नाव ठेवू नका दादा."

"मग तू सांग कारण. का कापली?"

शालनकडे कारण नव्हतं. सहा वर्षं शिकली होती. पाइप किती जाडीचा घ्यावा, जुन्या पत्र्याला आच किती द्यावी, कुठे टेकवावं, कुठे टेकवू नये, सगळं येत होतं. पण या एका प्रश्नाला तिच्यापाशी उत्तर नव्हतं, आणि समोर दात गेलेल्या माणसाची गोष्ट होती. तिने भंगारामागून शिडी काढली. तासाभरात पुन्हा जोडली. यावेळी टाके आणखी पक्के मारले.

त्यानंतरच्या गुरुवारी जीप बाजारात उभी होती. वस्ताद विडी आणायला गेला, तेव्हा त्याला दिसली. शालन शेडच्या दारातून बघत होती. वस्ताद जीपच्या मागे गेला, वाकला, टाक्यावरून अंगठा फिरवला. टाका कुणाचा हे त्याला न कळण्याचा प्रश्नच नव्हता.

आता ओरडेल, आता हाकलून देईल, असं धरून शालन उभी राहिली. वस्ताद परत आला. हात धुतले. चहाची किटली चुलीवर ठेवली.

ती वाट बघत राहिली, तो विचारेल म्हणून. तो वाट बघत राहिला, ती सांगेल म्हणून. एका शेडमध्ये बसून, एका किटलीतला चहा पिऊन दोघांनी तोंडं शिवून ठेवली. तिला भीती आणि राग. त्याला मोठेपणा. दोन गुरुवार असे गेले.

आणि त्या दोन आठवड्यांत वर घाटात काय चाललं होतं? शिडी इतकी सोयीची की पोत्यांआधी माणसं चढायला लागली. आधी दोन पोरगे. मग त्यांचे बाप. मग ज्याला आत जागा नाही तो. हिंदुराव पहिल्या दिवशी म्हणाला, "वर बसू नका रे." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "धरून बसा." तिसऱ्या दिवशी भाडं घेतलं. चौथ्या दिवसापासून ती रीतच झाली. वाईट रीत पडताना आवाज होत नाही. कुणीही ठरवत नाही, आणि पडते.

तिसऱ्या गुरुवारी सकाळी आत्या वाडीच्या फाट्यावर टोपली घेऊन उभी होती. जीप आली, ती आतून ठासून भरलेली. एरवी आत्याला मधल्या बाकावर जागा ठरलेली असे. त्या दिवशी एका बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं होतं, तिला ती जागा दिलेली.

"आत्या, पुढच्या गुरवारी ये की," हिंदुराव म्हणाला.

"आणि अंडी काय तवर उबवत बसू?" आत्या म्हणाली. "आत कोंबलंस तर फुटतील. मी वर बसते. माझ्या शालनची शिडी हाय, मला ठावं हाय कसं चढायचं."

ती चढली. टोपली तिने कठड्याला बांधली, आपल्या डोक्याचं फडकं सोडून, दोन गाठी मारून. स्वतः टोपलीशेजारी बसली. टपावर त्या वेळी नऊ माणसं होती, खाली चौदा.

तिसऱ्या वळणावर रस्त्याची कड पावसाने पोखरलेली होती. ओझं खाली असतं तर गाडीने ती कड सोसली असती. याआधी शंभर वेळा सोसली होती. डोकं जड झालेल्या गाडीचं मागचं चाक खचलं, जीप दरीच्या अंगाने कलली आणि रस्त्याच्या कठड्याच्या दगडाला अडकून तशीच थांबली. उलटली नाही. आतल्या माणसांना खरचटलं, बाळंतीण वाचली. टपावरची नऊच्या नऊ माणसं उडाली. चौघांची हाडं मोडली. आत्या दगडावर पडली. ती उठली नाही.

कुणीतरी फडकं कापून तिची टोपली शेडवर आणून ठेवली. दुसरा पत्ता त्याला सुचला नसेल. फडक्याच्या दोन गाठी तशाच होत्या. आत एकोणतीस अंडी, त्यातलं एकही फुटलेलं नव्हतं.

तेराव्या दिवशी घरचं सगळं उरकून शालन शेडवर आली. कामाला आली, की सामान न्यायला आली, हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. जीप शेडपुढे ओढून आणून ठेवली होती. बाजू चेपलेली, काच गेलेली. टपावर कॅरिअर जसंच्या तसं. मागे शिडी जशीच्या तशी. वस्ताद बाकड्यावर बसला होता. हिंदुराव हाताला प्लास्टर घालून जीपला टेकून उभा होता. काहीतरी चांगलं बोलायचं म्हणून तो म्हणाला,

"शालन, गाडीचं वाटुळं झालं, पर तुझं कॅरिअर जाग्यावरनं हाललं न्हाई बघ. एक टाका सुटला न्हाई. काम म्हंजे काम हाय तुझं."

वस्ताद ताडकन उठला. अंगाला चटका बसावा तसा.

"हेच," तो म्हणाला. "हेच बोलले हुते मला."

तो पुन्हा खाली बसला आणि मग एवढा वेळ बोलला, जेवढा वेळ शालनने त्याला सहा वर्षांत बोलताना ऐकलं नव्हतं.

"बावीस वर्सं झाली. वऱ्हाडाची जीप हुती, अशीच जुनी. कॅरिअर मी केलं, शिडी मी केली. म्हातारीकोतारी चढावीत अशी केली. वऱ्हाड वर बसलं. ह्याच घाटात, वरच्या अंगाला गाडी पडली. तीन माणसं गेली. नवरीचा सख्खा भाऊ गेला. मी बघायला गेलो, तवा लोक मला काय म्हणाले? वस्ताद, गाडी मोडली, पर तुमचं काम मोडलं न्हाई. माझी पाठ थोपटली. त्या थोपटण्यानं मी मेलो, पोरी. काम मोडलं असतं तर बरं झालं असतं. माझं कॅरिअर आधीच वाकलं असतं तर माणसं घाबरून उतरली असती. पक्कं केलं म्हणून त्यांनी इश्वास ठेवला. त्या दिवसापास्नं मी एकबी शिडी केली न्हाई. जमिनीवर हुभं राहून माणसाचा हात पोचतो तेवढंच वझं वर जावं. हाताच्या वर गेलेलं वझं गाडीच्या काबूत ऱ्हात न्हाई. आणि शिडी म्हंजे वर या म्हणून केलेली खूण. एकदा खूण केली की कोण चढंल, ते आपल्या हातात ऱ्हात न्हाई."

"हे मला सांगितलं का न्हाई?" शालनने विचारलं.

"लाज वाटत हुती. लोक वस्ताद म्हणत हुते. तीन माणसं माझ्या शिडीवरनं गेली, हे कुठल्या तोंडानं सांगू? म्हणून 'कळेल' म्हणायला लागलो. लोकांना वाटलं, म्हातारा लई खोल हाय. म्हणता म्हणता मलाबी तसंच वाटायला लागलं." त्याने मान खाली घातली. "तू शिडी परत लावलीस, ते मी बाजारात बघितलं. टाका तुझाच. तवा बोललो असतो तरी चाललं असतं. म्हटलं, शिष्येनं आपणहून सांगावं. मी वस्ताद. मी का इचारू?"

शालन टोपलीपाशी गेली. टोपली अजून कोपऱ्यात तशीच होती, कुणी हात लावला नव्हता. टोपलीवरून नजर न हलवता ती म्हणाली,

"वेळ आली की कळेल, म्हणाला हुतात. आली वेळ. कळलं मला. आता हे कळलेलं कुठं ठेवू, वस्ताद? आत्याच्या टोपलीत ठेवू?"

सत्तर वर्षांत पहिल्यांदा वस्तादाचं गप्प बसणं कुणाला शहाणपणाचं वाटलं नाही. त्यालाही नाही.

"चूक माझी हाय," तो म्हणाला.

"तुमची तुमच्यापाशी ठेवा," शालन म्हणाली. "माझी मला पुरे हाय. शिडी माझ्या हातानं लागलीय. माझ्या आत्याला म्या वर चढवलं. तुम्ही त्यातला वाटा मागू नका." मग हिंदुरावाकडे वळून, "आणि तुम्ही, दादा. वर बसल्याचं भाडं घेतलंत ना? तुमचा वाटा तुम्ही घ्या."

हिंदुराव रडायला लागला. तिने त्याला रडू दिलं. समजूत घातली नाही.

तिने खुंटीवरून हातआरी काढली. जीपच्या मागे उकिडवी बसली आणि आपलेच टाके कापायला लागली. थोड्या वेळाने वस्ताद उठून तिच्या शेजारी बसला. त्याने दुसरं टोक धरून ठेवलं, शिडी पडून आवाज होऊ नये म्हणून. चारही टाके कापेपर्यंत दोघं काही बोलले नाहीत. पण हे मौन पूर्वीचं नव्हतं. आता त्याच्यामागे लपवलेलं काही नव्हतं.

ती अंडी कुणी खाल्ली नाहीत. शालनने ती ओढ्याच्या काठी पुरली.

ती शेड अजून आहे. वस्ताद आता काम करत नाही, नजर गेली. दारापाशी बसून असतो. शालन काम करते. जुन्या जीपला कॅरिअर बसवून घ्यायला माणसं येतात, कारण जुन्या पत्र्याला भोक न पाडता पाय टेकवणारं दुसरं कुणी तिथे नाही. माणूस येतो, घाईत असतो, गाडी चालूच ठेवतो आणि म्हणतो, "बाई, कॅरिअरचं किती दिवसांत हुईल? मागं शिडी पाहिजे."

शालन त्याला गाडी बंद करायला लावते. बाकड्यावर बसवते. पाण्याचा तांब्या पुढे ठेवते.

"अवं, मला नुसतं कॅरिअर पाहिजे," माणूस म्हणतो.

"कॅरिअर मागनं," ती म्हणते. "आधी माझी आत्या ऐका."

आणि सांगते. टोपली, फडकं, दोन गाठी, सगळं सांगते. स्वतःचा टाका लपवत नाही. ती संपवते तेव्हा दारातला म्हातारा आपली तीन माणसं सांगतो, नवरीच्या भावासकट. दरवेळी सांगताना त्याचा आवाज फाटतो. दरवेळी तो सांगतो. निम्मी माणसं शिडीशिवाय कॅरिअर करून घेतात. निम्मी उठून दुसऱ्या दुकानात जातात आणि शिडी लावून घेतात. जाणाऱ्याला ती अडवत नाही. पण आता कुणीही न ऐकता जात नाही.

ज्याला जे कारण ठाऊक आहे, त्याने ते आजच, घरच्या पोराबाळांपुढे, लाज सोडून सांगावं. "कळेल पुढं" म्हणू नये, कारण पुढं कळतं ते बहुधा मयताच्या दारात कळतं.